बारा जणांचं छोटं निवासी घर: काळजी नीट होते आहे हे ओळखायचं कशावरून?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातल्या एका छोट्या निवासी संस्थेची रोजची व्यवस्था गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं घर आहे. एकूण १२ जण, वयं २२ ते ५१. ७ पुरुष, ५ बायका. चौघांना फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, दोघांना डाउन सिंड्रोम, पाच जणांना भरवावं लागतं. दिवसा दोन मावशी आणि एक दादा, रात्री एक मावशी, स्वयंपाकाच्या ताई वेगळ्या. घर स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत, ओरडाआरडा नाही.

अडचण अशी की सगळं ठीक चाललंय हे मी कशावरून म्हणतो, ते मलाच सांगता येत नाही. नोंदवहीत रोज एकच ओळ: "सर्वजण ठीक आहेत, जेवण झाले." दोनशे पानांची वही, पहिल्यापासून शेवटपर्यंत हीच ओळ.

१. वजनकाटा आणून सगळ्यांची वजनं केली आणि सहा महिन्यांपूर्वीच्या शिबिरातल्या आकड्यांशी लावून पाहिली. एकाचं ५२ किलोचं ४६ झालंय, एका ताईंचं ४४ चं ४०. मावशी म्हणतात, सगळे ताट रिकामं करतात.

२. २७ वर्षांचा एक मुलगा, बोलत नाही, तीन आठवड्यांपासून संध्याकाळी डोकं भिंतीवर आपटतो. "झोपेची गोळी लिहून घ्या" असा सल्ला सगळीकडून मिळतोय.

३. लिहायचं काय आणि किती? एक मावशी जेमतेम सही करतात. विश्वस्तांचं म्हणणं, हे घर आहे, हॉस्पिटल नाही, कागदं कशाला वाढवता.

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

सिस्टर_निशिगंध

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो थांबण्यातला नाही. तो मुलगा शीला शेवटचा कधी गेला? हे कुणालाच वही बघून सांगता येत नसेल तर तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

जो बोलत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं, आणि आपण त्याला "हट्टीपणा" म्हणून मोकळे होतो. झोपेच्या गोळीआधी डॉक्टरांकडून एवढं तपासून घ्या: कान (मळाचा बोळा, पू), दाढा (एकाच बाजूने चावतो का, गालाला हात लावला की झटकतो का), पोट (डावीकडे खालच्या बाजूला कडक गोळे लागतात का), लघवी, डोळे. मग औषधांची यादी काढा. गेल्या दोन महिन्यांत कुठलं औषध नवं सुरू झालं, कुठला डोस वाढला? रिस्पेरिडोनच्या जातीच्या (चिडचिड, आक्रमकपणा कमी करायला देतात त्या) औषधांनी काहींना आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. ती तगमग पाहून डोस वाढवला की तगमग आणखी वाढते. मात्र असं औषध तुम्ही आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, तेही धोक्याचं.

आता शीबद्दल. अशा घरांत बद्धकोष्ठ हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सहज पकडता येणारं दुखणं आहे. कारणं साधी असतात: हालचाल कमी, चोथा कमी, थायरॉइड, आणि हातपाय कडक होऊ नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी. एक कारण कुणी सांगत नाही, ते तुम्ही रात्रीच्या मावशींना हळूच विचारा: अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी देणं कमी केलंय का? रागावू नका. त्या एकट्या असतील तर रात्री तीन चादरी बदलायच्या कुणी? पण परिणाम सकाळी दिसतो. दिवसाचं पाणी सकाळी आणि दुपारी वाढवा, आठ वाजता थोडं द्या, झोपायच्या आधी आणि रात्री एकदा उठवून शूला न्या.

तक्ता असा करा. महिन्याचा एक कागद, एका माणसाचा एक. पाच चित्रं: लेंड्या, गाठी-गाठींचं, केळं, खीर, पाणी. मावशींनी त्या तारखेखाली चित्रावर टिकली लावायची. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. पूर्ण तीन दिवस टिकली नाही की डॉक्टरांना फोन, नियम एवढाच. पोट फुगलंय आणि उलटी होतेय तर तीन दिवसांची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

एक फसवी गोष्ट इथे लक्षात ठेवा. चड्डीला दिवसभर पातळ डाग लागत असतील तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत कडक गोळा अडकलेला असतो आणि पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की मामला बिघडतो. आणि इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय दिलं तर तेही आत लुकण होऊन बसतं.

वजनाचं: महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर डॉक्टर, चर्चा नको. तुमचा ५२ चा ४६ म्हणजे साडेअकरा टक्के. दुसऱ्या ताईही नऊवर आहेत, दोघांनाही या आठवड्यातच दाखवा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची टीबीसाठी तपासणी, शिवाय साखर, थायरॉइड, दात, जंत. या तपासण्या चालू असतानाच एक दिवस जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसून घड्याळ लावा.

हिशेब करा. भरवायची माणसं पाच, प्रत्येकाला नीट भरवायला २५ मिनिटं, म्हणजे १२५ मिनिटं. दोघी भरवणाऱ्या असतील तरी तास सव्वातास हवा. तुमच्याकडे जेवण किती वेळात उरकतं? अर्ध्या तासात उरकत असेल तर एकेकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं आली, आणि ताट "रिकामं" होतं ते बहुधा मोरीत. पंगत दोन खेपांत करा. सगळ्याचा एकत्र काला करून मोठा चमचा घशाशी नेण्यापेक्षा लहान चमचा, समोर बसून, माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, आधीचा घास गिळला की मगच पुढचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना खोकला, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा, आणि वर्षातून दोन-तीनदा छातीत कफ: हे तिन्ही एकत्र दिसलं तर अन्न श्वासनलिकेत जातंय असं धरून चाला आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला दाखवा. कोरडी पोळी, पाव, शेंगदाणे, चिवडा या माणसांना नको.

---

दगडफूल

सिस्टर म्हणतात ते बरोबरच आहे, पण एक धोक्याची घंटा वाजवतो. शीची वही, शूची वही, वजनाची, फिट्सची, आंघोळीची, औषधांची, भेटींची, तक्रारींची. आठ वह्या झाल्या की मावशी वह्या सांभाळतात आणि माणसं मागे पडतात. मग तपासणीच्या आदल्या रात्री बसून सगळ्या एकदम भरायच्या, ही आपल्याकडची जुनी विद्या आहेच.

एका माणसाचा महिन्याला एकच कागद ठेवा. उभ्या तारखा, आडवे चार रकाने: शी, जेवण (पूर्ण, अर्धं, नाही), झोप, आणि "आज वेगळं काय". शेवटचा रकाना बहुतेक दिवशी रिकामा राहिला तरी चालेल, राहायलाच हवा. कागद त्या माणसाच्या कपाटाच्या दाराला आतून लावा. ऑफिसात ठेवलेला कागद कुणी भरत नाही.

विश्वस्तांचं "हे घर आहे" खरं आहे, फक्त घरात आईच्या डोक्यात सगळं असतं. तुमच्याकडे ते दिवसाच्या मावशीच्या डोक्यात आहे. मावशी आठ दिवस गावच्या जत्रेला गेली की ते डोकंही जत्रेला जातं.

---

पाटीपेन्सिल

विशेष शिक्षक या नात्याने त्या मुलाबद्दल थोडं. शारीरिक तपासण्या आधी, त्याला दुजोरा. समांतर एक नोंद दोन आठवडे ठेवा: आपटण्याच्या आधी काय झालं, नेमकं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. "चिडला" असं लिहू नका, ते आपलं मत झालं. असं लिहा: "६:४०. टीव्ही बंद केला. भिंतीवर डोकं ५ वेळा. मावशीने उचलून बाहेर नेलं, बिस्किट दिलं." अशा वीस ओळी झाल्या की आकृती दिसायला लागते. वेळ तीच का? माणूस तोच का? नंतर त्याला दर वेळी काय मिळतं किंवा काय टळतं? वरच्या ओळीत बिस्किट हे बक्षीस ठरतंय. ते बिस्किट साडेसहालाच, आपटायच्या आधी, तो शांत असताना दिलं तर? शिवाय त्याला मागायला काहीतरी साधन द्या, एक चित्र किंवा हाताची खूण. मागायची सोय नसलेला माणूस भिंतीशीच बोलणार.

आणि काहीच आकृती दिसली नाही, कुठल्याही वेळी, कुणाहीबरोबर होतंय, झोपेतून उठूनही होतंय, तर परत दुखण्याकडे वळा. दोन आठवडे ही नोंदीची मुदत आहे, दुखापतीची नव्हे. आपटून सूज, उलटी, गुंगी दिसली तर त्याच क्षणी दवाखाना. तोवर त्या भिंतीला त्याच्या डोक्याच्या उंचीवर जाड गादी लावा. हात बांधणं, खोलीत कोंडणं हे उपाय नाहीत, गुन्ह्याच्या अंगाने जाणाऱ्या गोष्टी आहेत.

काळजीचा दर्जा बघायला मी तक्त्यांच्या आधी कपडे बघतो. आज सकाळी त्या बाराजणांनी घातलेला शर्ट किंवा गाउन त्यांचाच होता का? बऱ्याच ठिकाणी धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग असतो आणि हाताला येईल ते अंगावर चढतं. टूथब्रश, कंगवा, टॉवेल यांचंही तेच. प्रत्येकाचं चिन्ह ठरवा, कुणाचा आंबा, कुणाची छत्री, आणि रंगीत दोऱ्याने कॉलरच्या आत भरून घ्या. मार्करने लिहिलेलं दहा धुण्यांत जातं. मग सकाळी दोन शर्ट पुढे धरायचे आणि बोट दाखवेल तो घालायचा. पाच सेकंदांचं काम आहे. दिवसभरात त्या माणसाने स्वतः ठरवलेली ती कदाचित एकमेव गोष्ट असते.

आणि मावशी घाई करतात म्हणून माणसं येत असलेली कामं विसरतात. पॅन्ट घालायला शिकवायची तर शेवटची पायरी आधी: बाकी सगळं तुम्ही करा, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत त्याने ओढायची. ते जमलं की एक पायरी मागे. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर दर वेळी मधेच अडकून तो कंटाळतो. शेवटापासून शिकवलं तर दर वेळी काम पूर्ण झाल्याचं त्याला दिसतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांची स्थिती सांगतो. त्या मुलाच्या तक्त्यावर दोनच टिकल्या, दोन्ही लेंड्या. डॉक्टरांनी शी मऊ करणारं लॅक्टुलोज सुरू केलंय, दोन्ही कानांत मळ घट्ट आहे, थेंब टाकून पुढच्या आठवड्यात काढणार. दाढा बघायच्या राहिल्यात. आपटणं कमी झालंय, थांबलेलं नाही. पाण्याबद्दल सिस्टरांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. वजन घटलेल्या दोघांच्या तपासण्या चालू आहेत.

औषधांबद्दल विचारायचं राहिलं. सध्याची पद्धत: सकाळी सातला चहाबरोबर सगळ्यांची सगळी औषधं. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून केळ्यात. फिट्सचं एक औषध पातळ आहे. गोळ्या रविवारी आठवड्याच्या डब्यांत भरून ठेवतात. यात काही चुकतंय का?

---

सिस्टर_निशिगंध

चुकतंय, आणि चार ठिकाणी.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर नाही. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, चहा-नाश्त्याआधी किमान अर्धा तास, जमलं तर तास. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. नाहीतर औषध वर्षभर चालू असतं, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलाच राहतो आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत बसतात. डाउन सिंड्रोमच्या दोघांची टीएसएच तपासणी दर वर्षी करा. त्यांच्यापैकी कुणी चाळिशीपुढचं असेल आणि येत असलेली कामं विसरायला लागलं असेल तर विसरभोळेपणा म्हणून सोडू नका: थायरॉइड, कान, डोळे बघा आणि स्मृतिभ्रंशाचाही विचार करा. या लोकांना तो फार लवकर गाठतो.

दुसरं, खलबत्ता. फिट्सच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे सीआर, एसआर, क्रोनो असं काही असतं त्या दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. कुटल्या की सगळं एकदम रक्तात. सकाळी पेंग आणि पहाटे फिट. डॉक्टरांना सांगून पातळ औषध किंवा दुसरा प्रकार लिहून घ्या. शिवाय पाच जणांच्या गोळ्या एकाच खलबत्त्यात, मधे न धुता, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांची थोडी थोडी. आणि केळ्यात लपवून द्यायचं असेल तर ते डॉक्टरांना माहीत असावं आणि फाइलमध्ये लिहिलेलं असावं.

तिसरं, पातळ औषध. फेनिटॉइन असेल तर बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवायची. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले पंधरा दिवस वरचं पातळ पाणी जातं आणि फिट येते. महिनाअखेरीला तळाचा गाळ जातो आणि माणूस झिंगल्यासारखा चालतो, डोळ्यांची बुबुळं थरथरतात. "याला महिन्याच्या शेवटी काहीतरी होतं" असं कुणी म्हणालं तर आधी बाटली बघा. मोजायला घरातला चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा.

चौथं, डबे. भरणारा एक, तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या. मूळ पाकिटं फेकायची नाहीत; डब्यातली पांढरी गोळी कोणती हे आणीबाणीत कुणाला सांगणार? तक्त्यावर दिली तर सही, घेतली नाही तर गोल, थुंकली तर फुली. रिकामी चौकट म्हणजे दिली की विसरली, कळत नाही. सही गोळी गिळल्यावर करायची, ट्रे भरताना नाही. सगळ्या औषधांचा किमान सात दिवसांचा साठा शिल्लक ठेवा. फिट्सची गोळी "उद्या आणू" म्हणून दोन दिवस चुकली की एकामागून एक झटके सुरू होऊ शकतात.

फिटबद्दल दिवाणखान्यात एक कागद लावा: घड्याळ बघा. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही नाही. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. डॉक्टरांनी फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला फवारा लिहून दिला असेल तर तो कोणत्या कपाटात, कुणाला, किती वेळा, हे त्याच कागदावर. फवाऱ्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा, बरेचदा गरज पडते तेव्हा तो मुदतबाह्य निघतो. या चौघांना आंघोळ स्टुलावर बसवून, तांब्या-बादलीने. न्हाणीघराला आतून कडी नको, बाहेरून उघडणारी खिटी लावा. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. सोलरचं पाणी उन्हाळ्यात इतकं तापतं की काही सेकंदांत कातडी सोलवटते, आणि या लोकांपैकी काहीजण ओरडतही नाहीत.

---

तिसरी_पाळी

रात्रीबद्दल कुणीच नीट बोललं नाही. घराचा दर्जा सकाळी अकराला सगळीकडे चांगलाच दिसतो. पहाटे तीनला काय आहे ते बघा.

एक मावशी रात्री आठ ते सकाळी आठ, आठवड्याचे सातही दिवस, असं असेल तर त्या झोपतात. झोपणारच. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्यात आठ तासांच्या २१ पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. आजारपण, रजा, सणवार धरून चार. नुसत्या रात्रीच्या बारा तासांच्या एका खुर्चीलासुद्धा पावणेदोन माणसं लागतात. बहुतेक छोट्या घरांचं गणित इथे कोलमडतं, आणि ते मायेने भरून काढतात. दमलेल्या माणसाचा हात आधी उठतो, मग त्याला वाईट वाटतं. पगार आणि साप्ताहिक सुट्टी हा काळजीचाच भाग आहे असं विश्वस्तांना सांगा.

फेरीची नोंद ११, १, ३, ५ ला. आता ती खोटी कशी ओळखायची? चारही सह्या एकाच पेनने, एकाच तिरक्या हाताने, एकमेकींखाली रांगेत आल्या असतील तर त्या सकाळी चहा पिताना झाल्या. म्हणून नुसती सही मागू नका, सकाळी रचता येणार नाही असं काहीतरी मागा: कोण कुठल्या कुशीवर होतं, कोण जागं होतं, लाइट किती वाजता गेली. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवायचं आहेच, तेव्हा "डावी, पाठ, उजवी" एवढं लिहिलं तरी पुरे. महिन्यातून एकदा न सांगता पहाटे जाऊन बघा. पकडायला नाही, जाताना भजी न्या हवं तर.

कुलपं. २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका निवासात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण गेले. तुमच्याकडे साखळी नसेल, पण रात्री ग्रिलच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे का? किल्ली रात्रपाळीच्या कमरेला आणि दुसरी दाराशेजारी उंच खिळ्याला. कुणी बाहेर पळतं म्हणून कुलूप असेल तर दाराला घंटा लावा. दर तीन महिन्यांनी बाराही जणांना अंगणात आणायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, एकदा रात्रीच्या एकट्या मावशीनेच.

---

कलमदान

कायद्याचं थोडक्यात, कारण छोट्या घरांत इथे मोठे घोळ असतात.

धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदला म्हणजे निवासी घर चालवायची परवानगी मिळाली असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५० प्रमाणे संस्थेचं वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्याची मुदत बघा. १८ खालचं कुणी असेल तर बाल न्याय कायदा आणि बालकल्याण समिती येते. प्रौढांच्या घरात "तेवढा एक लहान" ठेवू नका.

वय १८ झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. त्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. बाराजणांच्या फायली काढा: पालकत्वाचा आदेश, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामय आरोग्य विमा (१ लाखापर्यंतचं संरक्षण, नूतनीकरण चुकवू नका). ऑपरेशनच्या टेबलाशी संमती कोण देणार यावर भांडण होण्यापेक्षा हे आधी बरं.

नातेवाईक देतात ते खर्चाचे पैसे प्रत्येकाच्या वेगळ्या पाकिटात आणि वेगळ्या पानावर. "सगळ्यांसाठी मिळून खाऊ" असं लिहून एकाच्या पेन्शनीतून बाराजणांची जिलबी येते. हेतू चांगला, हिशेब चुकीचा.

त्याच २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, आणि त्यात जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हेही आहे. संध्याकाळच्या पाण्याची गोष्ट वर आलीच आहे, म्हणून सांगून ठेवतो.

बायकांच्या पाळीबद्दल: १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं "स्वच्छता राखता येत नाही" म्हणून काढली गेली आणि त्यावर राज्यभर गदारोळ झाला. आजही कुणी नातेवाईक हळू आवाजात तो पर्याय विचारतात. पॅड दर चार ते सहा तासांनी, तारखांचा तक्ता, बदलायला बाईच, इतकंच लागतं. त्या दिवसांत वागणं बिघडत असेल तर वेदना आहे असं धरून डॉक्टरांना विचारा.

---

कृष्णाकाठ

नोंदणी प्रमाणपत्राची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलीय. आज अर्ज टाकतो. किल्ली खरंच ड्रॉवरमध्ये होती. रात्रीसाठी दुसऱ्या माणसाचा पगार विश्वस्तांच्या बैठकीत मांडणार आहे, त्यांना २१ पाळ्यांचा हिशेब दाखवतो.

शेवटचं एक. तिघांना बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती खाज सुटलीय, रात्री जास्त. पावसामुळे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मेडिकलमधून एक मलम आणलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू.

---

सिस्टर_निशिगंध

मेडिकलवाल्याने दिलेलं तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम आधी बंद करा. त्यात स्टेरॉइड असतं, खाज दबते आणि आजार पसरतो. गोल कडेचा नायटा असेल तर तो त्याने आणखी हट्टी होतो.

बेचकं, मनगट, कंबर, रात्री जास्त, आणि एकाच घरात तिघं: ही खरूज असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांना दाखवून खात्री करा. निघाली तर तिघांना नाही, सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं. १२ प्रवेशित, ५ कर्मचारी आणि तुम्ही धरून १८, शिवाय कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं. ५ टक्के पर्मेथ्रिन, मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक नळी. मानेपासून तळपायापर्यंत: नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, कुठेच कोरडं सोडायचं नाही. संध्याकाळी लावा, आठ ते चौदा तासांनी आंघोळ. मधे शूनंतर हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने हेच सगळं परत, म्हणजे १८ जणांना ३६ नळ्या. एकदम मागवा, दुसऱ्या खेपेला कमी पडल्या की पहिली खेप फुकट. बोटं तोंडात घालणारा कुणी असेल तर हातांना पायमोजे घालून कुणीतरी शेजारी बसा.

त्याच सकाळी चादरी, टॉवेल, अंगावरचे कपडे गरम पाण्यात. पावसात वाळत नसतील तर वाळवायच्या खोलीत पंखा लावा आणि इस्त्री फिरवा, शिवणींवर जास्त. धुता येत नाही ते ब्लँकेट प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून निदान तीन दिवस, या दमट हवेत आठवडाभर. खाज उपचारानंतरही दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम चोपडत बसू नका. नवे फोड दिसले तरच पुन्हा दाखवा.